दोन तासांचं काम

उल्हास, व्हॅनचा दरवाजा दुरुस्त झाला. आता एका बोटाने सरकतो, शेवटी टक् करून बसतो, आणि बसला की मागे फट राहत नाही. हे आधी सांगून टाकते. काम झालं की नाही ते पहिल्यांदा सांगायचं, बाकीचं मागाहून, ही आपल्या घरची पद्धत. ती मीच घालून दिली आहे, तेव्हा ती मोडायचा अधिकार मला नाही.

गावच्या मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं मुलं येऊन सांगून गेली. त्यांना तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, खाणीवर किती वर्षं काढलीस, स्वभाव कसा मनमिळाऊ होता, असलं काहीतरी हवं असणार. मी लिहायला बसले. अर्धं पान झालं आणि वाचून बघितलं तर ते कुठल्याही माणसाबद्दल चाललं असतं. मग ते बाजूला ठेवलं. वाचणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुरे की तू माझा धाकटा दीर, लग्न न केलेला. धारगळच्या आपल्या घरात तू, मी, तुझा दादा, आमची तेजल आणि आई अशी पाच माणसं. आणि बाबा असताना घेतलेली एक जुनी व्हॅन, जी तू चालवायचास. पुढचं तुझ्याशीच बोलायचं आहे.

खाणी बंद पडल्या तेव्हा तू साखळी गावाला खनिजाचा ट्रक चालवत होतास. ट्रक विकलास आणि एक बॅग आणि एक उशी घेऊन घरी आलास. उशी कशाला, घरात उशा नाहीत काय, असं मी विचारलं, तर म्हणालास, सवयीची आहे. दोन दिवस तू पडवीतल्या सोप्यावर, त्या बांधलेल्या बाकावर, बसून होतास. समोरच्या हमरस्त्यावरून गाड्या जात होत्या, तू बघत होतास. बसलेला पुरुष मला बघवत नाही. तिसऱ्या सकाळी मी तुझ्या हातात व्हॅनची चावी दिली आणि म्हटलं, तेजलला आणि मला पेडण्याला शाळेत सोड, येताना गॅसचं बघ. तू उठलास. त्या दिवशी मला वाटलं, मी तुला सावरलं. पहिले काही महिने ते खरंही असेल. पण नंतर तू सावरलास, आणि मी थांबले नाही.

शाळेत वेळापत्रक माझ्याकडे असतं हे तुला ठाऊक आहे. कुणाचा तास कुठे, कुणाचा वर्ग कुठे, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी मी बघते की मोकळं कोण आहे. जो मोकळा, त्याच्यावर बदलीचा तास. स्टाफरूममध्ये मला सगळे भितात ते त्यासाठीच. मोकळी जागा दिसली की मला ती भरल्याशिवाय राहवत नाही. घरी तू एकटाच मोकळा होतास. तुझा दादा म्हापशाला बँकेत, मी शाळेत, तेजल शाळेत, आई काठीवर आलेली. मग वाड्यावरची आणखी चार मुलं शाळेला न्यायची, आईला इस्पितळात न्यायचं, भाटातले, म्हणजे बागायतीतले, काजू आणायचे, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं, बसस्टॉपवर उतरलेली पाहुणी माणसं, कुणाच्या लग्नाची भांडी. सकाळी फ्रीजवर कागद लावलेला असायचा. तू तो वाचायचास, घडी घालून खिशात टाकायचास आणि चावी उचलायचास. एकदाही तू मला म्हणाला नाहीस की आज जमायचं नाही.

दरवाजा कधी बिघडला ते मला सांगता येणार नाही. तो बिघडला नाही, झिजला. चार मुलं रोज चढणार, उतरणार, प्रत्येकजण तो जोरात ओढणार. खालच्या रुळातली चाकं एका बाजूने खाल्ली गेली आणि दरवाजाची मागची बाजू खाली बसली. मग उघडताना तो आधी थोडा वर उचलावा लागायचा, मग मागे ओढावा लागायचा. लावताना उलट. आपल्या घरात सगळ्यांच्या हाताला ते बसून गेलं. तेजल तर मैत्रिणीच्या गाडीचा दरवाजाही आधी उचलायची. पाहुणा माणूस मात्र ओढत राहायचा आणि शरमिंदा व्हायचा. तेव्हा मी काय केलं ते आठवतं ना? मी एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कृपया दरवाजा आधी वर उचलावा व मग हळू ओढावा", आणि तो पुठ्ठा दरवाजाला बाहेरून चिकटवला. मला वाटलं प्रश्न सुटला. तू तो पुठ्ठा बघितलास आणि म्हणालास, "वयनी, आता दरवाजाक वाचूक शिकय म्हंजे झालां." मी हसले नाही. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

आईचा उपाय वेगळा. तिच्या मते जगातल्या कुठल्याही कुरकुरीला खोबरेल हे औषध. एके दिवशी तिने तुझ्या नकळत काठी टेकत जाऊन रुळात वाटीभर खोबरेल ओतलं. आठवडाभर दरवाजा खरंच बरा चालला, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. मग डिसेंबरातली ती थंडीची सकाळ आली. आईला म्हापशाला इस्पितळात न्यायचं होतं, नंबर लवकरचा. रुळातलं खोबरेल गोठून पांढरं घट्ट झालं होतं आणि दरवाजा तसूभर हलत नव्हता. तू उचललास, दादाने ओढलं, मी पुठ्ठ्यावरच्या सूचना पुन्हा वाचल्या. शेवटी आईला पुढच्या सीटवर बसवायचं ठरलं. तिथे चढताना तिचा पाय वर होईना, आणि ती तुझ्यावरच ओरडली, ह्या दरवाजाचां काय केलंस रे. तू तिला दोन्ही हातांनी उचलून बसवत म्हणालास, "तुझांच त्याल तां, आई. आता वेणी घाल दरवाजाक." आई वाटभर हसत होती. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, तर तिला हसू आवरेना. ती सकाळ मी पुष्कळदा आठवते. आपल्याकडे एवढं हसू फार वेळा झालं नाही, आणि झालं ते बहुतेक तुझ्यामुळे झालं.

त्यानंतरच तू पहिल्यांदा काही मागितलंस. मी पोळ्या लाटत होते. तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास, आत आला नाहीस.

"वयनी, एक दीस माका गाडी मोकळी दी."

कशाला, असं मी विचारलं. दरवाजा काढायचा आहे, नवीन चाकं घालायची आहेत, नामदेव करून देईल, असं तू सांगितलंस. नामदेव म्हणजे सातार्ड्याचा तुझा दोस्त, ज्याचं रस्त्यावर गॅरेज आहे. किती वेळ लागेल, असं मी विचारलं. तू म्हणालास, दीसभर. मी लाटणं थांबवलं नाही. म्हटलं, एका दरवाजाला दिवस कसा लागेल, दोन तासांचं काम आहे. तू म्हणालास, नाय गे, दीस लागता. मी म्हटलं, बघते.

मी बघितलंच. खोटं सांगत नाही. दर रविवारी बघितलं. एका रविवारी तेजलची स्पर्धा होती, एका रविवारी माझ्या माहेरचं लग्न. पावसात दरवाजा काढणं बरं नव्हे, असं मीच ठरवलं. मग चवथ जवळ आली. तू म्हणालास, चवथीआधी करूया, गणपती ह्याच दरवाजातून आत घ्यायचा असतो. मी म्हटलं, चवथीआधी व्हॅन एक दिवस उभी ठेवली तर सामान कोण आणील. शेवटी चित्रशाळेतून मूर्ती आणताना दरवाजा अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. तू पाट मांडीवर घेऊन उघड्या दरवाजात पाय बाहेर सोडून बसलास आणि दादाने गाडी चालवली, बैलगाडीच्या वेगाने. मूर्तीला वारा लागू नये म्हणून तू पूर्ण वाट पाठ वाकवून बसला होतास. घरी उतरल्यावर तुला सरळ उभं राहायला वेळ लागला. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. मी म्हटलं, लवकर, मुहूर्त जातो.

तुझ्या दादाने एकदा मध्ये तोंड घातलं होतं. देऊन टाक गे त्याला एक दिवस, एवढं काय. मी विचारलं, मग आईच्या पायाच्या पट्ट्या बदलायला इस्पितळात तू नेणार? तो गप्प बसला. माझ्या घरात प्रश्न विचारून माणसांना गप्प करणं मला फार चांगलं जमतं.

आणि मग दसरा. व्हॅनला झेंडूचा हार, पुढे नारळ, अंगणात शेजारची माणसं. कुणीतरी दरवाजा ओढायला गेला आणि तो करकरला, तेव्हा शेजारचे तात्या म्हणाले की उल्हास, गाडीची मागाहून, पहिली पूजा दरवाजाक घाल. सगळे हसले. मला ते लागलं. घरातली एखादी गोष्ट मोडकी आहे असं चारचौघांत कुणी म्हटलं की मला ते माझ्यावरच आल्यासारखं वाटतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दोन तासांचं काम आहे ते. ह्याला त्याला अख्खा दिवस पाहिजे. उरलेला दिवस काय करणार आहेस, चांदण्या मोजणार?"

तू कुंकवाची बोटं पुसत होतास. रागावला नाहीस. मला वाटतं, तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "तू मास्तरीण. तुझां गणित बरोबरच आसतलां." पुन्हा सगळे हसले, मीही हसले. आणि त्या दिवसानंतर तू मागितलं नाहीस. मी माझ्या मनातून ते काम काढून टाकलं. जो मागत नाही त्याला गरज नाही, अशी माझी समजूत. वर्गात जो हात वर करत नाही त्याला समजलेलं असतं, असं मी कधी मानत नाही. घरात मानलं.

तुझ्याविषयी एक गोष्ट मला उशिरा कळली. ती सांगते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मला नेहमी उशीर होतो. कधी मीटिंग, कधी पेपर. मी फाटकाबाहेर येईन तेव्हा तू व्हॅनला टेकून उभा असायचास. हॉर्न वाजवून बोलावलेलं मला आवडत नाही म्हणून तू कधी वाजवला नाहीस. मी विचारायची, फार वेळ झाला का रे? तू म्हणायचास, आत्ताच इलंय. रोज आत्ताच इलंय. तू गेल्यावर शाळेचा शिपाई भेटायला आला होता. तो म्हणाला, बाई, तुमचे दीर शाळा सुटायच्या आधीपासून असायचे, आम्ही गप्पा मारायचो, कधी कधी तर ते सगळ्या वर्गांना कुलूप लावायला मला मदत करायचे.  मग मला एकेक आठवायला लागलं. जेवलंय. भूक नाय. माका थंड लागणा नाय. वाटेतच होतां ता, म्हणान घेऊन इलंय. तू खोटं बोलायचास, उल्हास. सतत बोलायचास, आणि प्रत्येक खोटं आमची सोय व्हावी म्हणून असायचं. माझ्या अंगावर तुझा भार दिसू नये म्हणून. मला इतकी वर्षं एकही पकडता आलं नाही. माझ्या सोयीचं होतं, मी कशाला पकडू?

त्या शेवटच्या सकाळी आपण कामापलीकडे बोललो नाही. तू स्टिअरिंगवर, मी उतरले, खिडकीतून सांगितलं, गॅस, आईच्या गोळ्या, पाव संपलेत. तू हात वर केलास. मी फाटकातून आत गेले आणि मागे बघितलं नाही, घंटा व्हायची होती. पुढचं इथे लिहीत नाही. अंकात लोक वाचतात, आणि मला ते वाचून कुणी माझ्याजवळ येऊन हळहळलेलं नको. पण एवढं लिहिते की तू परत येऊन सोप्यावर शेवटचा बसलास तेव्हा गॅस आला होता, गोळ्या आईच्या उशाशी होत्या आणि पाव डब्यात होते.

मग सुतक. कुठे जायचं नाही, कुणाला आणायचं नाही. शेजारणी जेवण आणून देत होत्या. वाड्यावरची मुलं बसने जायला लागली. व्हॅन फणसाखाली उभी राहिली, टपावर फणसाची पिवळी पानं पडली, आणि कुणी ती झाडली नाहीत. तेजल पुढच्या सीटवर कुणाला बसू देत नव्हती. मी खिडकीतून बघायची. कितीतरी दिवस ती गाडी मोकळी होती.

मला हे सांगायला लाज वाटते, पण दरवाजा दुरुस्त करावा असं माझ्या मनात आलं ते तुझ्यासाठी नव्हे. बाराव्याला साखळीहून आत्या येणार, तिच्याबरोबर आणखी दोन म्हाताऱ्या, त्यांना दरवाजा उचलता येणार नाही, असा विचार आला. म्हणजे तेव्हाही माझ्या डोक्यात कामच होतं. मी नामदेवला निरोप पाठवला.

तो सकाळीच आला. चाकं त्याच्याकडे होतीच. चवथीच्या आधीच तू ती म्हापशाहून आणून त्याच्याकडे ठेवली होतीस, असं तो म्हणाला, वर्तमानपत्रात गुंडाळून, वरती दोरा बांधून. दोऱ्याची गाठ तुझ्याच हातची होती. त्याने स्क्रू सोडवले, मी आणि तुझ्या दादाने दरवाजा दोन्ही बाजूंनी धरला आणि आम्ही तो मागे सरकवून गाडीपासून बाजूला काढला. दरवाजा नसलेली व्हॅन मी पहिल्यांदा बघितली. आतलं सगळं दिसत होतं, सीटा, खाली पडलेला खडूचा तुकडा, आईची एक चप्पल. रुळात काय काय निघालं: जुनं काळं खोबरेल, चॉकलेटचे कागद, खोडरबरांचे तुकडे, एक काजूबी. जुनी चाकं नामदेवने माझ्या हातात दिली. एका बाजूने सपाट झाली होती, दुसऱ्या बाजूने अजून गोल. त्याने रूळ रॉकेलने धुतला, ग्रीस लावलं, नवीन चाकं बसवली. मग दरवाजा परत चढवला, कुलपाची जागा थोडी वर-खाली करून नीट बसवली, आणि मला म्हणाला, ओढून बघा. मी सवयीने आधी उचलायला गेले. उचलायचं काही नव्हतं. हात रिकामाच वर गेला.

नामदेवने हात धुतले. मी घड्याळ बघितलं. तेही सवयीने. चहा धरून दोन तास झाले होते.

आता पुढचं खरं सांगते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बघ, मी सांगत नव्हते? सगळ्यांसमोर म्हटलं होतं मी. दोनच तास लागले. मी बरोबर होते. क्षणभर मला तुझ्याकडे वळून बघावंसंसुद्धा वाटलं.

मग मी नामदेवला विचारलं, हे सांगताना उल्हासचा एवढा गोंधळ कसा झाला, तो मला म्हणायचा दिवस लागेल. नामदेव फडक्याला हात पुसत राहिला. 

"तेका म्हायत होतां, वयनी. दोन तासांचांच काम. माका सांगल्यान, दरवाजो सकाळीच करूया, मगे गाडी दीसभर हयच रवांदी."

"आणि तो कुठे जाणार होता?"

"मियांय तेका तांच इचारलंय. म्हणालो, खंयच नाय."

खंयच नाय. कुठेच नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले, तेव्हा नामदेवला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्याने समजावलं की उल्हास गॅरेजवर बसणार होता, एवढंच, चहा पिणार, गजाली मारणार, रस्ता बघणार. गाडी मोडलेली आहे म्हटल्यावर कुणी हाक मारायचं नाही. मग तो हत्यारं गोळा करून स्कूटरवर गेला.

मी तिथेच उभी होते. घरातली सगळी खोटी तू आमच्यासाठी बोललास. एक तू स्वतःसाठी बोललास, एकच, आणि तेवढं मी पकडलं. तेही लगेच, लाटणं न थांबवता. मी तासांची बाई. दुसऱ्या कुणी ते मान्य केलं असतं, बरं बाबा, दिवस लागतो तर लागतो. माझ्याकडे मात्र हिशेब होता की दरवाजाला किती वेळ लागतो, आणि तो हिशेब अगदी बरोबर होता. तू साध्या शब्दांत सुट्टी मागू शकला असतास. आमच्या घरात सुट्टी मागायला कारण लागतं, म्हणून तू कारण शोधलंस. ते कारण मी दोन तासांचं करून तुला परत दिलं, अंगणात, सगळ्यांसमोर, आणि वर चांदण्यांवरून टोमणा मारला.

तुझा दादा हात धुऊन बाहेर आला. म्हणाला, दरवाजा झालाच आहे, तर आत्ताच साखळीला जाऊन आत्याला घेऊन येतो, येताना नारळही आणतो. बरोबर होतं ते. मीच असते तर हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, आज गाडी कुठे जाणार नाही. तो म्हणाला, अगं, पण आता झाली ना ती. मी म्हटलं, झाली, आणि मोकळी आहे. तू बसने जा.  तो चपला घालून बसस्टॉपवर गेला.

मी दरवाजा उघडा ठेवला आणि दरवाजाकडच्या सीटवर जाऊन बसले.

पहिला तासभर मला जमलं नाही. बसल्याबसल्या मला आठवत होतं की बाराव्याच्या पंगतीची पानं सांगायची आहेत, भटजींना फोन करायचा आहे, आईची गादी उन्हात टाकायची आहे. प्रत्येक वेळी मी अर्धी उठायचे. मग आई काठी टेकत आली आणि विचारलं, खंय चललंस गे? म्हटलं, कुठे नाही, आई, बसलेय. ती आत चढायला बघू लागली. मी हात दिला. दरवाजा पूर्ण उघडा असल्याने ती सहज आत आली आणि माझ्या शेजारी बसली.  मग म्हणाली, "ह्या गाडीत बसान इस्पितळ सोडून मी खंयच गेलंय नाय." तक्रार नव्हती ती. तिने नुसतं लक्षात आलं म्हणून सांगितलं.  तुला ते ठाऊक होतं का, असं मनात आलं. तुला एक दिवस मिळाला असता तर कदाचित तू तिलाही कुठेतरी नेलं असतंस. किंवा नसतंस नेलं. खंयच नाय म्हणजे खंयच नाय, त्यात आईलाही घालून तो दिवस भरायची गरज नाही. बघ, अजूनही मी भरतेच आहे.

आई तिथेच पेंगली. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, एखादा खनिजाचाही असेल. फणसावर दोन कावळे भांडले आणि गेले. सावली बोनेटवरून टपावर चढली. दुपार कलली तरी संध्याकाळ होईना. मी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं आणि मग मला कळेनासं झालं की किती वाजले. शाळेत हे मला कधीच होत नाही. मला कंटाळा आला, मग कंटाळाही संपला, आणि त्यानंतरही दिवस उरला होता.

संध्याकाळी तुझा दादा आत्याला घेऊन बसने परत आला. त्याने मला तिथेच बसलेली बघितलं आणि आत्याची पिशवी घेऊन तो घरात गेला.

उल्हास, दिवस एवढा मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्याकडे इतके होते, आणि त्यांतला एकही मी तुझ्याकडे राहू दिला नाही.